हैदरला जमलं नाही

"परत एकदा सांगा बरं."

राजेंद्रने परत सांगितलं. "हैदरभाईंना जमलं नाही, मिस्त्री. दोन तास बसून बघितलं त्यांनी आणि म्हणाले, माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून शेठनी मला तुमच्याकडं पाठवलं."

सांडू मिस्त्रीने हातातला पाना बाकावर ठेवला, बोटं चिंधीला पुसली आणि राजेंद्रला बसायला स्वतः खुर्ची ओढून दिली. मुकुंदवाडीतल्या त्याच्या गॅरेजात ही खुर्ची एरवी कुणाच्या वाट्याला येत नसे. गिऱ्हाइकाने टायरवर बसावं, अशी तिथली रीत होती.

"हैदर म्हंजी जिन्सीतलाच ना? कादर उस्तादच्या दुकानातला?"

"तेच."

"स्वतः आला होता का माणसं धाडली होती?"

"स्वतः आले होते."

"आणि स्वतःच्या तोंडानं म्हणला, होणार नाय म्हणून?"

"हो, मिस्त्री. मी तिथंच उभा होतो."

सांडूने समोरच्या टपरीकडे बघून दोन बोटं वर केली. दोन चहा, आणि तेही स्पेशल. काम काय आहे हे त्याने अजून विचारलंच नव्हतं. साखर कारखान्याचा चरक असता किंवा आगगाडीचं इंजिन असतं, तरी त्याने मनातल्या मनात होकार भरून टाकला होता. हैदरला जमलं नाही, एवढं त्याला पुरेसं होतं. तीस वर्षांत हे वाक्य त्याच्या कानावर पहिल्यांदा पडत होतं.

"बरं, काम काय हाय?"

"होडीचं स्टेरिंग काढायचंय."

"होडीचं?" सांडू जरा थबकला. "होडीला स्टेरिंग असतंय व्हय?"

"मोठ्या असतात त्यांना असतं. आमच्या सुदर्शनशेठनी गोव्याहून शिडाची होडी आणलीय. जुनी आहे. आता पैठण रोडवरच्या फार्महाउसवर उभी केलीय. स्टेरिंग जड फिरतं, आतला बेअरिंग गंजलाय. तो बदलायचा तर आधी चाक काढायला पाहिजे, आणि चाक काही केल्या निघत नाही."

"निघतंय," सांडू म्हणाला. होडी त्याने आयुष्यात फक्त चित्रात पाहिली होती.

सांडूचं आणि हैदरचं काय होतं, हे एकदा सांगायला हवं. भांडण म्हणाल तर एकही नव्हतं. सोळा वर्षांचा असताना सांडू फर्दापूरहून शहरात आला आणि कादर उस्तादकडे ट्रकच्या स्टेअरिंगचं काम शिकायला लागला. हैदर त्याच्याआधी चार महिने लागला होता. दोघं एकाच ताटात जेवले आणि एकाच ट्रकखाली उताणे झोपले. शिव्याही दोघांनी एकाच तोंडच्या खाल्ल्या. अडकलेलं चाक सोडवायचं असलं की उस्ताद दोघांना समोरासमोर उभं करायचा आणि दोन बाजूंनी दोन हातोडे एकाच क्षणाला पडले पाहिजेत म्हणून दिवसदिवस घोटवून घ्यायचा. बाजारात त्यांना जोडी म्हणत. पण 'हैदर आणि सांडू' असं म्हणत. 'सांडू आणि हैदर' असं एकदाही कुणी म्हणालं नाही, आणि सांडूने ते मोजून ठेवलं होतं.

उस्ताद गेला तेव्हा त्याचं दुकान हैदर चालवू लागला. त्यात काही कपट नव्हतं. उस्तादच्या बायकोनेच तसं सांगितलं होतं आणि भाडं तिला दर महिन्याला पोचत होतं. सांडूने मुकुंदवाडीत स्वतःचं गॅरेज टाकलं. तेही चाललं. पोरीचं शिक्षण झालं, दोन खोल्यांचं घर झालं, खोटं कशाला बोला. पण काम झालं की ड्रायव्हर म्हणायचा, "झकास. अगदी हैदरभाईसारखं." त्या एका वाक्याने सांडूच्या जेवणाची चव जायची.

आणि पोरीच्या, संस्कृतीच्या लग्नात जे झालं ते तर त्याने कधीच माफ केलं नाही. वराकडच्या वऱ्हाडाची दुसरी बस मंगल कार्यालयाच्या फाटकात वळताना अडकली आणि तिचं स्टेअरिंगच फिरेना. मुहूर्त पंधरा मिनिटांवर. बसचं दार फाटकाच्या खांबाला चिकटलेलं, आत कोंडलेला मुलाचा मामा आणि त्याच्या हातात मानाचा फेटा. शहरातले निम्म्याहून जास्त ट्रकवाले ज्याच्याकडे जातात तो सांडू मिस्त्री त्या वेळी डोक्याला टोपी आणि खांद्यावर उपरणं घालून पाटावर बसला होता आणि भटजी त्याला उठू देईना. बसखाली कोण शिरलं, तर पाहुणा म्हणून आलेला हैदर. अंगातल्या नव्या शेरवानीसकट. दहा मिनिटांत बस आत आली. टाळ्या कुणासाठी वाजल्या, तर नवरानवरीच्या आधी हैदरसाठी. लग्नाच्या अल्बममध्ये व्याह्याने हैदरला घातलेल्या हाराचा फोटो अख्ख्या पानभर आहे. सांडूचा फोटो त्याच्यामागच्या पानावर, कोपऱ्यात.

तेव्हापासून घरात हैदरचं नाव काढायची चोरी झाली. ईदला हैदरच्या बायकोकडून, सगीराभाभीकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, सांडूची बायको सुरेखा आणि माहेरी आलेली पोरगी तो मिटक्या मारत संपवायच्या आणि सांडू आतल्या खोलीत पेपर वाचायचा. सुरेखाने "हैदरभाई" एवढं म्हटलं तरी तो उठून बाहेर जायचा. शेवटी तिने म्हणायचंच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो फार्महाउसवर पोचला. पत्र्याच्या उंच शेडखाली, मोसंबीच्या झाडांच्या शेजारी, पांढरी होडी लाकडी ठेप्यांवर उभी होती. पाण्यात कधी उतरवायची ते शेठचं अजून ठरायचं होतं. तूर्त तिच्या सावलीत कोंबड्या बसत होत्या. तिथली सगळी देखभाल आशाबाई नावाची बाई करायची. पन्नाशीची, काटक, कमरेला पदर खोचलेली. तिने शिडी लावून दिली आणि स्वतःही मागोमाग वर चढली.

"कालच ते भाई आले होते," ती म्हणाली. "लई शांत माणूस. नुसतं बघत बसले. जाताना मला म्हणले की सांडू..."

"बाई," सांडूने हात वर केला. "त्यानं काय सांगितलं ते मला सांगू नका. त्याला जमलं असतं तर मी आलोच नसतो ना?"

"आवो पण त्यांनी..."

"त्याचं त्याच्यापाशी. मला माझं काम करू द्या."

आशाबाईने खांदे उडवले. "बरं बाबा. तुमचं तुम्ही बघा."

होडीच्या मागच्या टोकाला उभं राहायला खोलगट जागा होती. तिच्या मध्यावर एक खांब आणि खांबाला स्टीलचं भलंमोठं चाक, सांडूच्या छातीएवढं. मागे लोखंडी कठडा. ट्रकचं स्टेअरिंग असतं तसंच, पण उभं. मधल्या गोळ्याला, ज्याला कारागीर हब म्हणतात, पांढरी पूड धरली होती. सांडूने बोटाने खरवडून ती जिभेला लावली. खारट लागली. इतक्या वर्षांत गंज त्याने तांबडाच पाहिला होता; हा चुन्यासारखा पांढरा गंज समुद्राचा होता आणि तो नवीन होता. अॅल्युमिनियमचा हब आणि स्टीलचा निमुळता दांडा या पांढऱ्या पुडीने एकमेकांना जखडून गेले होते. गॅस लावावा तर हब वितळणार. जोराने ठोकावं तर खांबच मोडणार. हे काम हाताचंच होतं, हे त्याला पहिल्या नजरेत कळलं.

आणि दुसऱ्या नजरेत त्याला हैदर दिसला. हबच्या सांध्यात सगळीकडून पातळ तेल सोडलेलं होतं, थेंब थेंब, एकही डाग बाहेर नाही. आणि मधला मोठा नट सैल करून दांड्याच्या टोकावर तसाच ठेवला होता. पुरता काढलेला नव्हता. तीन आटे शिल्लक.

हा उस्तादचा कायदा. अडकलेलं चाक ओढायचं तर नट सैल कर, पण काढू नकोस. तीन आटे राहू दे. चाक सुटतं तेव्हा बंदुकीतून सुटल्यासारखं सुटतं, आणि तो नट त्याला तिथेच अडवतो. नाहीतर ते तुझ्या अंगावर येतं. उस्ताद हे रोज सांगायचा, नमाजाच्या वेळा सांगाव्यात तसा.

सांडूने पुलर लावला. तीन पायांचा तो पंजा हबच्या मागे अडकवायचा आणि मधला बोल्ट दांड्यावर दाबत न्यायचा, की चाक ओढलं जातं. आशाबाईने चुलीवर पाणी उकळून दिलं, ते हबवर ओतलं. बोल्ट आवळला. एका बाजूने हातोडा मारला. काही नाही. परत पाणी, परत आवळणं, परत हातोडा. दुपारपर्यंत हेच. हब एकाच बाजूने मार खाऊन नुसता ढिम्म राहत होता. समोरून दुसरा हातोडा पडायला हवा होता, त्याच क्षणाला. पण तो हातोडा धरणारा या शहरात एकच माणूस होता आणि त्याला बोलवण्यापेक्षा सांडूने होडी खाल्ली असती.

"बाई, हा घण धरता का? समोरून नुसता टेकवून धरा. मी इकडून मारतो."

आशाबाईने घण धरला. मुसळ धरावं तसा, घट्ट. सांडूने मारलं. तिचे दात वाजले, पण घण हलला नाही.

"हाताला मुंग्या आल्या माझ्या," ती म्हणाली. "पण धरते. मारा."

तिसऱ्या प्रहरापर्यंत दोघं घामाने भिजली. चाक जागच्या जागी. राजेंद्र फोनवर विचारत होता, "काय मिस्त्री, होतंय का, का मुंबईहून माणूस बोलवायचा?" सांडूने फोन ठेवला आणि तो कठड्याला टेकून बसला. समोर ते तीन आटे आणि तो नट. हैदरने ठेवलेला. बघावं तिकडे हैदर. तेल त्याचं, नट त्याचा, उद्या चाक निघालं तर लोक म्हणणार, हैदरभाईने सगळं लावून ठेवलं होतं, सांडूने फक्त ओढलं. आत्ताच ते शब्द त्याला ऐकू यायला लागले. 

तो उठला आणि त्याने तो नट फिरवून पुरता काढून टाकला.

"आवो मिस्त्री, ते नका काढू," आशाबाई म्हणाली. "ते भाई म्हणले होते..."

"बाई!" सांडू इतक्या जोरात ओरडला की खाली कोंबड्या फडफडल्या. "घण धरा."

तिने धरला, तोंड वाकडं करून. सांडूने पुलरचा बोल्ट परत दांड्यावर बसवला, होता त्याच्याहून अर्धा आटा जास्त आवळला. उकळतं पाणी ओतलं. हातोडा उचलला आणि या वेळी सगळं मनातलं त्यात घातलं. तो पानभर फोटो, ती शेरवानी, 'हैदरभाईसारखं'.

चाक सुटलं. बंदुकीतून सुटल्यासारखंच सुटलं. पुलरसकट ते मागे आलं आणि सांडूचा डावा हात त्याच्या आणि कठड्याच्या मध्ये सापडला. तो खाली बसला तो चाक मांडीवर घेऊनच.

क्षणभर त्याला काही कळलं नाही. मग कळलं ते एवढंच, की चाक त्याच्या मांडीवर आहे.

"निघालं!" तो ओरडला. "बाई, निघालं! हैदरला जमलं नाय ते निघालं!" त्याच्या मधल्या दोन बोटांतून रक्त गळत होतं आणि तो हसत होता.

आशाबाईने घण टाकला, पदर फाडला आणि त्याच्या बोटांना करकचून बांधला. बांधता बांधता ती बोलत होती आणि आता तिला गप्प करायची ताकद सांडूत नव्हती.

"किती वेळ सांगायलेय मी. ऐकायला तयार नाय माणूस. ते भाई म्हणले होते, सांडू आला की त्याला सांगा, नट काढू नको म्हणावं. तीन आटे ठेव म्हणावं."

"सांडू आला की?" सांडूचं हसू तिथेच थांबलं. "माझं नाव घेतलं त्यानं?"

"मंग कुणाचं? तुमचंच घेतलं. त्यांनीच तर सांगितलं राजेंद्रसाहेबांना, की मुकुंदवाडीच्या सांडूला बोलवा, हे काम त्याच्याबिगर कुणाला व्हायचं नाय. उजवा हात दाखवला त्यांनी. लकवा मारलाय म्हणले, हातोडा उचलत नाय. तेल सुद्दा डाव्या हातानं सोडलं बिचाऱ्यानं, अर्धा तास लागला." तिने गाठ मारली. "आणि म्हणले, मी पाठवलं म्हणून सांगू नका त्याला. तो येणार नाय. म्हणा, हैदरला जमलं नाय. म्हंजी पळत येईल."

सांडू पळतच आला होता.

चाक अजून त्याच्या मांडीवर होतं. त्याला ते एकदम जड वाटायला लागलं. तीस वर्षं ज्या एका जिंकण्याची वाट पाहिली ते जिंकणंसुद्धा हैदरने वाढून दिलं होतं, आणि ताट पुढे सरकवताना तोंडदेखलं हसलाही नव्हता. माणसाने हरताना तरी जरा कमी पडावं की नाही? हा हरण्यातही पुढे. सांडूला राग आला, मग लाज वाटली आणि त्या लाजेखाली, खरं सांगायचं तर, तोच जुना जळफळाट होता. असं हरणं आपल्याला कधी सुचलं नसतं, याचा.

संध्याकाळी दवाखान्यातून बोटं शिवून तो घरी आला. सुरेखाने काही न विचारता हळदीचं दूध पुढे ठेवलं.

"हैदरला लकवा झालाय," तो म्हणाला.

तिने दुधात चमचा फिरवला. मग म्हणाली, "ईदच्या आधी झाला. डबा द्यायला सगीराभाभी स्वतः आल्या होत्या. इथंच बसून रडल्या. गिऱ्हाईक तुटेल म्हणून कुणाला सांगत नाय म्हणल्या."

"दोन महिने झाले. मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही ऐकलं असतं व्हय?" सुरेखाने विचारलं आणि ती भाकरी टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सांडू जिन्सीत गेला. हैदरला काय काय सुनवायचं ते त्याने रिक्षात बसून सगळं ठरवलं होतं. मला भीक घालतो का? मी काय तुझा नोकर आहे? मला पळायला लावून हसत बसला असशील. पंधरा वर्षांत त्याने त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. उस्तादच्या वेळचा निळा दरवाजा, तोच. आत काळवंडलेली भिंत, तीच. बाहेर एका ट्रकचा पुढचा एक्सल सोडवून ठेवला होता. त्याचा ड्रायव्हर पलीकडे फोनवर कुणाशी तरी वाद घालत होता.

हैदर बाकावर बसला होता. दाढी पुरती पांढरी झाली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, झोपलेल्या मांजरासारखा.

"आजा, सांडू," तो म्हणाला, काल सकाळीच भेटल्यासारखा. "बस. निघालं?"

"निघालं."

हैदरची नजर पट्टीवर गेली. तिथे जरा थांबली आणि परत सांडूच्या तोंडावर आली. नट ठेवला होतास का, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांडूला भांडता आलं असतं.

"मला खोटं सांगून कशाला बोलवलं?" सांडूचा आवाज ठरवला होता तेवढा मोठा निघाला नाही.

"खोटं काय? मेरेकू नहीं जमा, ये सच है." हैदरने डाव्या हाताने उजवा उचलून दाखवला आणि परत मांडीवर ठेवला. "सरळ बोलवलं असतं तर तू आला असता?"

"नाय."

"मंग?"

सांडू पायाकडे बघत राहिला. "तुला ठाऊक होतं. मी जळतो तुझ्यावर ते."

"अरे, जिन्सीतल्या कुत्र्यांना पण ठाऊक हाय," हैदर म्हणाला आणि हसला. मग हसणं थांबवून हळू बोलला. "मला बरं वाटायचं, यार. ड्रायव्हर लोक तारीफ करतात, त्यांना काय कळतं? गाडी वळली की झालं त्यांचं. माझं काम कुठं चांगलं, कुठं कच्चं, ते तुला कळायचं. सारे शहर में एक तू. तू जळायचा, म्हंजी काम चांगलं झालं असणार."

 तीस वर्षांचं जळणं या माणसाने दाखल्यासारखं जपून ठेवलं होतं.

फोन संपवून ड्रायव्हर आत आला. तरुण होता, घाईत होता. "भाई, पिन बसवता ना? माल उतरवायचाय मला वाळूजला. तुमचा माणूस कधी येतो?"

"तो नाय येत आज," हैदर म्हणाला. "मी बसवतो."

तो उठला. एक्सलजवळ जाऊन खाली बसायला त्याला वेळ लागला. पिन भोकाच्या तोंडाशी लावलेलीच होती. चार ठोके सरळ पडले की बसणार. सांडू त्याच्या मागे गेला.

"दे इकडं. मी मारतो."

"नक्को," हैदर खालच्या आवाजात म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही. "गिऱ्हाईक माझं हाय, सांडू. माझी हयात हाय तोवर मारू दे."

त्याने डाव्या हाताने हातोडा उचलला. पहिला ठोका पिनेच्या कडेला घसरून एक्सलवर पडला आणि कडक आवाज झाला. ड्रायव्हरने मान वळवली. दुसरा ठोका त्याहून वाकडा. हैदरच्या कानशिलावर घाम आला होता. हातोड्याची मूठ त्याने पुन्हा पकडली, शिकाऊ माणूस पकडतो तशी, टोकापासून फार वर.

हे बघायला सांडू अख्खी हयात थांबला होता. हैदरचा हातोडा चुकताना, भर दिवसा, गिऱ्हाइकासमोर. आता ते समोर चाललं होतं आणि त्याला वाटत होतं की डोळे फुटले तर बरं. ड्रायव्हर दोन पावलं पुढे आला, कपाळाला आठी घालून, हैदरचा हात बघायला.

सांडू चटकन मध्ये आला. हैदरकडे पाठ करून, ड्रायव्हरच्या अगदी समोर, दारातल्या उजेडाला आडवा होऊन तो उभा राहिला. तसा तो रुंद माणूस होता.

"कुठला रे तू? सिल्लोडकडचा का?"

"हो, पण ते भाई..."

"होडीचं स्टेरिंग पाहिलंय का कधी? शिडाच्या होडीचं?" सांडूचा आवाज विनाकारण मोठा झाला होता. "या एवढं असतंय. समुद्राचा गंज. पांढरा. मुंबईहून माणूस बोलवायला निघाले होते शेठ. आम्ही काढलं काल. ह्यानं आणि मी."

"होडीला कुठं स्टेरिंग असतं?" ड्रायव्हर म्हणाला आणि त्याच्या खांद्यावरून आत बघायला लागला. सांडूही तेवढाच सरकला.

"असतंय. ऐक, सांगतो तुला. आधी तेल सोडायचं..."

तो सांगत राहिला. मागे हातोडा पडत होता. एक ठोका पिनेवर, एक एक्सलवर, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत एक. मागे वळायला त्याची मान शिवशिवत होती. पण त्याने पाहिलं नाही. तेलाचं सांगून झालं तेव्हा त्याने उकळत्या पाण्याचं सुरू केलं.